पुस्तकात नसलेलं वाक्य

शाळा सुटली की दाराला कुलूप लावायचं काम खरं म्हणजे शिपाई बाबूलालचं. पण मनवर गुरुजी त्याच्याकडून किल्ली मागून घेत. कुलूप लावत, ओढून पाहत, पायऱ्या उतरून चिंचेच्या झाडापर्यंत जात आणि तिथून परत येऊन पुन्हा एकदा ओढून पाहत. मी तेव्हा नवा होतो, चोविशीतला, घाईतला. एकदा न राहवून म्हणालो, "गुरुजी, आत आहे काय चोरण्यासारखं? एक फळा, दोन नकाशे अन् मोडकी बाजाची पेटी."

"काही नाई," ते म्हणाले. "पन गेलं तं पह्यलं नाव कोनाचं निघन, राऊतभाऊ?"

मी हसलो. मला ती गंमत वाटली होती. आता माझी पन्नाशी आली आणि ते वाक्य आठवलं की मला माझ्या त्या हसण्याची लाज वाटते. मी काही वाईट माणूस नव्हतो. मला फक्त कशाची भीती वाटत नव्हती, आणि ती का वाटत नव्हती याचा मी कधी विचार केला नव्हता.

यवतमाळहून नेरला जाणाऱ्या रस्त्यावरचं ते गाव. साठ सालानंतर तिथल्या मिडल स्कूलवर माझी पहिली नेमणूक झाली. मनवर गुरुजी तिथं माझ्या आधीपासून होते. उंच, वाळकी अंगकाठी, गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट, हातात झाकणाचा ॲल्युमिनियमचा डबा. डब्यात पाणी. शाळेच्या माठाला ते हात लावत नसत. हेडमास्तर चांगले होते, ते म्हणत, "घ्या हो मनवर, आता कायदा झाला." गुरुजी म्हणत, "हाव सर, घेईन." आणि डब्याचं झाकण काढत. छप्पन साली ते नागपूरला जाऊन धम्मदीक्षा घेऊन आले होते, घरातले देव त्यांनी अडाण नदीत सोडले होते. त्यावरून गावात त्यांना कोणी काही बोललं नव्हतं, आणि याचीच त्यांना जास्त धास्ती होती. "बोलत नाईत म्हनजे मनात ठेवून राह्यले," असं ते म्हणत.

त्यांच्या दोन भाषा होत्या. जीव स्वस्थ असला की वऱ्हाडी. भीती वाटली की छापील. इन्स्पेक्टरसाहेब आले की "आपण आसनस्थ व्हावे" इथपर्यंत मजल जायची. त्यांची भाषा बदलली की आम्ही ओळखायचो, गुरुजी घाबरलेत.

आणि एक प्रश्न होता, तो ते सगळ्यांना विचारत. पोरानं गणित वेगळ्या रीतीनं सोडवलं, बाबूलालनं अमावास्येला दाढी करू नये म्हणून सांगितलं, मी सिनेमाची गोष्ट रंगवली, की गुरुजी मान तिरपी करून म्हणत, "पुस्तकात हाय का?" पोट्टे त्यांची नक्कल करायचे. भाजीवाली म्हणाली वांगी ताजी आहेत, की मागून एखादा ओरडायचा, "पुस्तकात हाय का?"

मी आलो त्याच पावसाळ्यात गणपत गेला. गणपत गुरुजींचाच विद्यार्थी, बाप नसलेला. सातवी पास होऊन शेतात कामाला लागला होता. पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीच्या शेतात, तण काढायची डवरणी करताना त्याला साप चावला.

त्या भागात साप चावलेल्या माणसाला मारुतीच्या पारावर आणून निजवत. कडुनिंबाचा पाला चावायला देत. गोड लागला तर विष चढलं असं समजत. मग सगळं गाव त्याच्याभोवती बसून बाऱ्या म्हणे. बारी म्हणजे नागाला गाण्यातून घातलेलं साकडं. पुंजाजी नावाचा म्हातारा ढाक, म्हणजे मोठ्या डमरूसारखं वाद्य, वाजवून बारी उचलायचा आणि गाव त्याच्या मागे म्हणायचं. यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात सापाची लस होती. दुपारची एस.टी. त्या पारासमोरूनच गेली. मनवर गुरुजी पाराच्या खाली उभे होते. वर चढण्याचा प्रश्नच नव्हता. ते एकदा म्हणाले, "यवतमाळले नेलं तं पाहा." मी शेजारी होतो म्हणून मला ऐकू आलं. ढाकेच्या आवाजात पुढच्या माणसालाही ते गेलं नसेल. मी तर तेवढंही बोललो नाही. दिवस मावळायच्या आत गणपत गेला.

त्यानंतर कितीतरी दिवस गुरुजी मधूनच म्हणत, "जोरानं म्हनलं असतं तं?" मी काही बोलायच्या आत स्वतःच उत्तर देत, "तं म्हनले असते, सोताचे देव सोडले अन् आता आमच्या देवावर उठला."

हिवाळ्यात शाळेच्या वाचनालयासाठी पुस्तकांची एक पेटी आली. तिच्यात नागपूरच्या एका डॉक्टरांनी साप आणि सर्पदंश यांवर लिहिलेलं पुस्तक होतं. विषारी साप कोणते, चावल्यावर काय करावं, काय करू नये, आणि शेवटी डॉक्टरांनी पाहिलेल्या रुग्णांच्या हकिकती. गुरुजींनी त्याला खाकी कागदाचं कव्हर घातलं आणि ते त्यांच्या हातातून सुटेना. आठवड्याभरानं ते माझ्या खोलीवर आले. उंबऱ्यातच उभे राहिले. कोणाच्याही घरी ते दोनदा बोलावल्याशिवाय आत येत नसत.

"राऊतभाऊ, याचं नाटक करायचं. मिरगाच्या आत."

"याचं? यात पात्रं कुठं आहेत, गुरुजी?"

"साप हायेत ना."

"अहो, वाचून दाखवा त्यापेक्षा."

"वाचून दाखवलं तं चार जन येतील. नाटकाले सारं गाव येते. मिरग लागला का पेरनी, पेरनी झाली का साप. पुढचा गनपत कोन, ते आपल्याले माहीत नाई. त्याच्या आत लोकाईच्या कानावर पडलं पाह्यजे का त्याले एस.टी.त घाला म्हनून."

एवढंच त्यांना हवं होतं. दुसरी कसलीही हौस त्या माणसाला नव्हती. आयुष्यात त्यांनी दोनच नाटकं पाहिली होती आणि तीही मागं उभं राहून.

पहिला खर्डा त्यांनी एका शनिवारी आम्हाला वाचून दाखवला. सूत्रधार येतो आणि प्रकरण पहिलं म्हणतो. दुसरा येतो, प्रकरण दुसरं म्हणतो. मण्यारीच्या अंगावरचे पट्टे येईपर्यंत हेडमास्तरांची मान कोटात गेली होती. बाबूलाल दाराशी बसून मन लावून ऐकत होता. तो म्हणाला, "गुरुजी, एखांदं गानं टाका. नागीन अन् घोनस, दोघी सवती करा. मंग पाहा कशी गर्दी होते."

"पुस्तकात हाय का?"

"सवती कायले राह्यतील पुस्तकात? आपन टाकाच्या."

मीही म्हणालो की थोडं आपलं घालावं लागतं, नाहीतर नाटक उभं राहत नाही. त्याबरोबर गुरुजींची भाषा बदलली. "नाही, राऊतभाऊ. त्यात माझा एकही शब्द असता कामा नये." मग बाबूलाल घंटा द्यायला गेल्यावर हळूच म्हणाले, "माह्या एक शब्द गेला का ते आमच्या बौद्धपुऱ्याचं बोलनं होते. पुस्तकाचं बोलनं पुस्तकाचं राह्यते. डॉक्टरसंग भांडाले कोन नागपूरले जाते?"

मला तेव्हा कळलं की भिंतीला टेकावं तसे ते त्या खाकी कव्हराच्या पुस्तकाला टेकून उभे होते.

शेवटी हकिकतींमध्येच त्यांना नाटक सापडलं. एका गावच्या तरुण मजुराला साप चावतो. कोणीतरी सायकलवर पुढं येऊन डॉक्टरांना वर्दी देतो. डॉक्टर औषध काढून, सुई उकळून वाट पाहत बसतात. तिकडे मारुतीपुढं बारी चाललेली असते. बारी संपल्यावर त्याला आणतात, तेव्हा उशीर झालेला असतो. गुरुजींनी रंगमंचाचे दोन भाग केले. एकीकडे पार, दुसरीकडे डॉक्टरांचं टेबल. एकीकडे गर्दी, दुसरीकडे एकटा माणूस. डॉक्टर बसल्या जागेवरून पुस्तकातली माहिती सांगणार आणि मधून मधून रस्त्याकडे पाहणार. नाटकातलं काही न कळणाऱ्या माणसाला हे सुचलं कसं, याचं मला अजून नवल वाटतं.

अडचण आईची होती. सगळ्या हकिकतीत आईच्या तोंडी एकच वाक्य होतं : "हा जागा का होत नाही?" गुरुजींनी ते पान किती वेळा उलटून पाहिलं असेल. आईनं रडावं, नवस बोलावा, काहीतरी म्हणावं असं आम्हा सगळ्यांना वाटे. पण पुस्तकात नव्हतं. मग आईनं सबंध नाटकभर लेकाच्या उशाशी गप्प बसायचं आणि बारी संपली की ते एक वाक्य म्हणायचं, असं ठरलं. आई मी झालो, कारण लुगडं नेसायला आणि मिशी काढायला दुसरं कोणी तयार नव्हतं. डॉक्टर स्वतः गुरुजी. ती छापील भाषा दुसऱ्या कोणाच्या तोंडात बसत नव्हती. साप चावलेला मजूर म्हणजे बाबूलाल. त्याच्या तालमी आठवून आजही हसू येतं. तो कडुनिंबाचा पाला तोंडात घ्यायचा आणि थुंकायचा.

"कडू जहर हाय, गुरुजी!"

"पुस्तकात गोड आहे."

"पुस्तकवाल्यानं खाल्ला का?"

जागा मारुतीपुढचीच पाहिजे, असा गुरुजींचा हट्ट होता. त्यासाठी आम्ही पाटलांकडे गेलो. पाटील ओसरीवर होते, शेजारी अमरावतीला कॉलेजात शिकणारा त्यांचा पुतण्या. पाटील म्हणाले, "बसा ना, मास्तर." गुरुजी पायरीवरच उभे राहिले.

"शाळेत करा ना नाटक. मारुतीपुढंच काहून?"

"पुस्तकात मारुती आहे, पाटील."

"आन् त्याच्याविषयी बोलता काय तुमी?"

"जे पुस्तक बोलते ते. त्यात माझा एकही शब्द नाही."

पाटलांनी थोडा वेळ सुपारी कातरली. माणूस आडमुठा नव्हता, पण गाव त्याला सांभाळायचं होतं. पुतण्याला मात्र मजा वाटली. "काका, मी पुस्तक घेऊन पुढं बसतो. बरोबर ताडून पाहतो."

"हे बेस झालं," पाटील म्हणाले. "मास्तर, हा पुस्तक धरून बसन. एक शब्द जरी तुमचा निघाला, तं मंग गाव माह्या आवाक्यात राह्यनार नाई. आधीच सांगून ठेवतो."

गुरुजींनी तिथल्या तिथं कव्हरासकट पुस्तक काढून दिलं. तोवर त्यांचं सगळं पाठ झालं होतं, तरी परत येताना त्यांचा पुस्तक धरायचा हात मोकळा राहीना. ते सारखा कोटाचा खिसा चाचपत होते.

आता बारी राहिली. पुस्तकात "गावकरी बाऱ्या म्हणत होते" एवढंच होतं, शब्द नव्हते. लिहायचे कोणी? गुरुजींची झोप उडाली. तोडगा मी काढला, हे सांगितलंच पाहिजे. मी म्हणालो, "खरी बारी म्हणू द्या. शब्द पुस्तकात नसतील, बारी तर आहे ना!" ती मला फार हुशारीची गोष्ट वाटली होती.

पुंजाजी अंगणात दोर वळत बसला होता. त्यानं आमचं सगळं ऐकून घेतलं. "गुरुजी, गनपतवर म्याच बारी म्हनली. तो गेला. आता तेच तुमी लोकाईले दाखवनार?"

"पुस्तकातलं गाव दुसरं आहे, बाबा."

"गाव दुसरं. बारी तं तेच हाय." तो दोर वळत राहिला. मग म्हणाला, "म्हनीन. मलेबी वाटते कधी कधी, का पाहावं. पन आयकून ठेवा. बारी उचलली का मंधात तुटत नसते. पडलेला उठला पाह्यजे, नाई तं उचलून नेला पाह्यजे. मंधात तुटली तं म्हननाऱ्याच्या घरावर येते."

"नाटकातही?" गुरुजींनी विचारलं.

"बारीले काय समजते, नाटक हाय म्हनून?"

गुरुजींनी त्याचीही तजवीज केली. बारीचं एक कडवं झालं की दोन पोरांनी बाबूलालची खाट उचलून डॉक्टरांच्या बाजूला न्यायची. म्हणजे बारीही तुटणार नाही आणि पुस्तकही. त्या दोन पोरांना त्यांनी इतकं बजावलं होतं की ती गुरुजी दिसले की आपोआप खाट उचलल्यासारखे हात करायची.

नाटक दिवसाउजेडी, ऊन उतरल्यावर झालं. पेरणी आठ-पंधरा दिवसांवर आली होती. पारासमोर लाकडी तक्तपोस जोडून रंगमंच केला होता. सगळं गाव आलं. पाटलांचा पुतण्या पुढं सतरंजीवर, मांडीवर पुस्तक, ओळीवर बोट. आणि बायकांच्या बाजूला, खांबाशी, गणपतची आई सारजाबाई बसली होती. ती येईल असं आमच्यापैकी कोणालाच वाटलं नव्हतं. ती दिसली आणि गुरुजींनी कपाळाचा घाम पुसला.

सुरुवात चांगली झाली. गुरुजींनी कापडावर काढलेले साप दाखवले. लोक वाकून पाहत होते, ओळखत होते, "हाव, हे घोनस, आमच्या बांधावर राह्यते" असं एकमेकांना सांगत होते. पुतण्या मधून मधून मान हलवून म्हणायचा, "बरोबर. बरोबर." बाबूलालला साप चावला. त्यानं पाला चावला आणि डोळ्यांत पाणी आणून "गोड लागते" म्हणाला. मी त्याच्या उशाशी बसलो. पुंजाजीनं डोळे मिटून ढाक घेतली आणि बारी उचलली.

पहिल्यांदा मागची म्हातारी माणसं गुणगुणली. मग पुरुष म्हणू लागले. मग बायका. मी मान वर करून पाहिलं तो लोक उठून पुढं येत होते. मुद्दाम कोणी काही करत नव्हतं. बारी चालू आहे आणि माणूस पडलेला आहे, तेव्हा जे आयुष्यभर केलं तेच ते करत होते. तक्तपोसावर चढून ते बाबूलालभोवती बसले. कडवं संपलं, दुसरं सुरू झालं. खाट उचलायची ती दोन पोरं गर्दीत मांडी घालून, डोळे मिटून, सगळ्यांबरोबर म्हणत होती.

बाबूलाल ओठ न हलवता म्हणाला, "राऊत सर, उठू का?"

"निजा."

"लोकं उठवून राह्यले ना मले. बेकार वाटते, सर."

मी डॉक्टरांच्या टेबलाकडे पाहिलं. गुरुजी एकटे बसले होते. सुई मिळाली नव्हती म्हणून हातात फाउंटन पेन धरलेला. ते माझ्याकडे पाहत होते. मला कळत होतं त्यांना काय हवं आहे ते. मी माझं वाक्य मोठ्यानं म्हणावं. पुस्तकातलंच वाक्य होतं, पूर्ण सुरक्षित, आणि म्हणणारा मी, ज्याला गावात कोणी काही विचारलं नसतं. वाक्य माझ्या दातांपर्यंत आलं. पण ठरलं होतं की बारी संपल्यावर म्हणायचं, आणि बारी संपत नव्हती, आणि एवढ्या लोकांच्या आवाजावर आपला आवाज चढवायचा कसा हे मला उमजेना. मी पदर घेऊन बसून राहिलो.

गुरुजी उठले. डॉक्टर त्या जागेवरून उठत नाहीत, पुस्तकात ते शेवटपर्यंत बसून असतात. ते रंगमंच ओलांडून आले, लोकांच्या कडेशी थांबले आणि माझ्याकडे पाहून म्हणाले,

"माय, मी तिकडं वाट पाहून राह्यलो व! काहून नाई आनलं त्याले?"

इतक्या मोठ्यानं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. ढाक थांबली. बारी तुटली.

कागदांची सळसळ तेवढी ऐकू आली. पाटलांचा पुतण्या पानं उलटत होता, पुढं आणि मागं. मग म्हणाला, "काका, हे पुस्तकात नाही."

पाटील काही बोलायच्या आत खांबाजवळून सारजाबाई उठली. "मले सांगतलं कोनं, गुरुजी?" ती म्हणाली. "यष्टी समोरून गेली. कोनं सांगतलं मले?"

गुरुजी हातात पेन धरून उभे होते. मला वाटलं, आता ते छापील बोलतील.

"म्या सांगतलं व माय," ते म्हणाले. "हळू सांगतलं."

ती त्यांच्याकडे पाहत राहिली आणि मग खाली बसली. पुतण्यानं पुन्हा काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, तेव्हा पाटील त्याला म्हणाले, "मिटव ते पुस्तक."

पुंजाजीचा चेहरा उतरला होता. त्यानं ढाक बगलेत घेतली आणि बाबूलालला म्हणाला, "ऊठ आता." बाबूलाल उठला, मारुतीला हात जोडले आणि हनुवटीवरचा पाला न पुसता घरी गेला. त्याच्यामागं सगळे गेले. साप चावल्यावर काय करावं, हे ज्यात होतं तो नाटकाचा शेवटचा भाग, ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला तो, तसाच राहिला.

"असली गोष्ट राहूनच गेली, राऊतभाऊ," गुरुजी म्हणाले. ते तक्तपोसावर एकटे बसले होते. "हळू बोललो तं पोरगं गेलं, मोठ्यानं बोललो तं नाटक गेलं."

कोणीतरी तक्रार केली. कोणी, ते कळलं नाही. पाटील म्हणाले मी नाही, आणि मला ते खरं वाटतं. एक साहेब चौकशीला आले. त्यांनी विचारलं, ते वाक्य पुस्तकातलं होतं का? आम्ही सगळे बाकावर बसलो होतो. हेडमास्तर म्हणणार होते की घाईत काहीतरी तोंडून गेलं असेल. गुरुजींनी त्यांना बोलू दिलं नाही.

"पुस्तकातलं नाई, साहेब. ते माह्यं होतं."

साहेबांसमोर त्यांना वऱ्हाडीत बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं. त्यांची बदली मारेगावला झाली.

हुकूम येईपर्यंत पेरण्या आटोपल्या होत्या. त्या दिवसांत गुरुजींना दुसराच घोर लागला होता. पुंजाजी त्यांच्याशी बोलत नव्हता. वाटेत दिसला की तोंड फिरवायचा. तुटलेली बारी म्हणणाऱ्याच्या घरावर येते, हे गावातल्या पोराटोरांना माहीत होतं. गुरुजींचा त्यावर विश्वास नव्हता, पण ते म्हणत, "पावसाळा हाय. कोनालेबी चावू शकते. त्याच्याच घरी चावला तं?" आणि शाळेच्या कुलपाकडे तीन-तीनदा जात.

निघायच्या दिवशी मी त्यांना पोचवायला रस्त्यावर गेलो. त्यांच्याजवळ एक पत्र्याची पेटी आणि तो पाण्याचा डबा. यवतमाळची गाडी आली. गुरुजींनी पेटीचं कुलूप ओढून पाहिलं. पेटी टपावर चढवायला आम्ही वाकलो, तेवढ्यात गावाकडून आरडाओरडा ऐकू आला. चार माणसं खाट घेऊन पळत येत होती. खाटेवर पुंजाजीची सून होती. निंदायला गेलती, पायाला चावला, असं कोणीतरी ओरडून सांगत होतं. खाटेबरोबर पुंजाजी धावत होता, आणि धावता धावता बारी म्हणत होता. ढाक नव्हती. धाप लागून आवाज फाटला होता, पण तो थांबत नव्हता. ते मारुतीच्या पारापाशी आले. पुंजाजीनं पाराकडे पाहिलं आणि हातानं पुढं चला अशी खूण केली.

तिला गाडीत घेतलं. पुंजाजी मागून चढला आणि त्याला दारात गुरुजी दिसले. सगळ्यांना काय आठवलं असेल ते सांगायला नको. दोघं एकमेकांसमोर उभे होते. पुंजाजीनं कडवं पुरं केलं, पुढचं उचलायच्या आधी श्वास घेतला आणि तेवढ्यात म्हणाला, "आता तोडू नका, गुरुजी."

"नाई तोडत. म्हना तुमी. यवतमाळ येईस्तोवर म्हना." गुरुजी खाली बसले आणि त्यांनी तिचा पाय दोन्ही हातांनी धरला. "पाय फक्त हालू देऊ नका."

ती वाचली. दुसऱ्या दिवशी त्याच गाडीच्या कंडक्टरनं मला तसं सांगितलं, तेव्हा मी गुरुजींची पेटी त्याच्या स्वाधीन करत होतो. मारेगावला ती पोचल्याचंही पुढं कळलं. गुरुजींची आणि माझी गाठ मात्र पुन्हा पडली नाही. मी जाऊ शकलो असतो. गेलो नाही. तोंडात आलेलं ते वाक्य मी का गिळलं, असं ते विचारतील याची मला भीती होती; आणि त्यांनी विचारलं नसतं, हे तर मला जास्त जड होतं.

मला दिसतात ते त्या दिवशीचे गुरुजी. गाडी सुटली. पुंजाजी गाडीच्या पत्र्यावर तळहातानं ठेका धरून बारी म्हणत होता. पेटी तशीच रस्त्याच्या कडेला राहिली होती. मी मागं धावलो. "गुरुजी, पेटी! तुमची पेटी!"

त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. पेटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "राहू द्या!" ते ओरडले. "टाइम चालला!" आणि डोकं आत घेतलं.

वळणाच्या बाभळीआड गाडी दिसेनाशी झाली, तरी बारी थोडा वेळ ऐकू येत होती. मग तीही ऐकू येईना. मी पेटीपाशी परत आलो. कुलूप ओढून पाहिलं. हातगाडी आणायला म्हणून गावाकडे निघालो, पारापर्यंत गेलो, आणि तिथून मागं येऊन पुन्हा एकदा ओढून पाहिलं.